दर तिसऱ्या दिवशी शून्य

चूक माझीच आहे, हे आधीच सांगते. उगाच कोणी माझी समजूत घालायला येऊ नका.

हवाईतल्या एका नदीवर एका शेतकऱ्याची अळूची शेती आहे. नदीला दगडांचा बांध घालून पाणी पाटाने खाचरांत घेतात. त्या पाटातल्या सेन्सरचे आकडे मी इथे हजारो मैलांवर, ॲन आर्बरच्या लॅबमध्ये बसून तीन वर्षं ॲनालाइज करतेय. दर तिसऱ्या दिवशी सेन्सर शून्य दाखवायचा. गाळ अडकत असेल, असं म्हणून मी ती सगळी शून्यं डिलीट केली. मग काय, शेतात दीडपट पाणी दिसायला लागलं! आमच्या रिपोर्टवरून तिथल्या पाणी समितीने जूनपासून त्या शेतकऱ्याचं पाणी तात्पुरतं अर्ध्यावर आणलं.

त्यांचं नाव कालेओ. वडिलांच्या वयाचे, म्हणून मी मनात काका म्हणते. काल त्यांचा फोन आला. "अगं, तिसऱ्या दिवशी पाणी शेजारणीकडे जातं. आमच्या पाळ्या ठरलेल्या आहेत."

पाळ्या! अरे देवा! माझे बाबा साक्रीला पाटकरी आहेत, जन्मभर पाण्याच्या पाळ्याच वाटत आलेत. आणि त्यांच्या लेकीला सेन्सर दर तिसऱ्या दिवशी न चुकता बंद पडतो, हे खरं वाटलं. अक्कल शेण खायला गेली होती माझी.

गाईडना सांगितलं, तर म्हणे, "उद्या त्या कपातीवर समितीची सुनावणी आहे. करेक्शन नंतर पाठवू."

नंतर म्हणजे कधी, अळू वाळल्यावर? डोकंच फिरलं माझं. आज मी स्वतःच सुनावणीत ऑनलाइन घुसले आणि सगळं सांगून टाकलं.

अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "रिपोर्ट रद्द. दोन वर्षांचं नवं मोजमाप करा. तोपर्यंत सध्याची व्यवस्था चालू राहील."

"अहो, पण सध्याची व्यवस्था म्हणजेच ती कपात! त्याच चुकीच्या रिपोर्टवरून केलेली!" मी जवळजवळ ओरडलेच.

"नियम आहे."

मेला तो नियम! स्क्रीनवर कालेओकाका खाली बघत बसले होते. त्यांनी शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

"नवं मोजमाप कोण करणार?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"बरं. आमची नदी पाहिलीयेस कधी?"

"नाही," मी म्हटलं.