तिखट हात

पॅकिंगच्या खोलीत नवीन माणूस आला की त्याची कागदावरची सही नंतर, आधी पोलादावर अंगठा घेतला जायचा. घासून लख्ख केलेली एक पट्टी पुढे करायची, उघडा अंगठा दाबायला सांगायचा आणि पट्टी आठ दिवस डब्यात ठेवून द्यायची. काही माणसांचा घामच असा असतो की चार दिवसांत त्यांचा अंगठा पट्टीवर तपकिरी उमटतो, रेघन् रेघ मोजून घ्यावी. अशांना तिथे ‘तिखट हाताचे’ म्हणत. निकाल लागला की पट्टीला तेल लावून ती भिंतीवर खिळ्याला टांगायची. पहिल्या खिळ्याला ताईंची पट्टी होती. सव्वीस वर्षांपूर्वीची, आणि डाग शोधून सापडायचा नाही.

ताई त्या खोलीच्या मुख्य. समुद्रापार जाणारे शाफ्ट, म्हणजे यंत्रांचे पोलादी दांडे, त्यांच्या हाताखालून जात. धुवायचे, गरम हवेने कोरडे करायचे, गंज न चढू देणाऱ्या तेलात बुडवायचे, तशाच औषधी कागदात गुंडाळायचे, ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट पिशवीत बंद करायचे आणि मग लाकडी खोक्यात. तान्ह्या पोराला कोणी इतकं गुंडाळत नसेल. दोन महिने जहाजावर खारा वारा खाऊन शाफ्ट पोचायचा आणि तिकडे कागद सोडला की आजच कारखान्यातून निघाल्यासारखा दिसायचा.

‘हातमोज्यांशिवाय शाफ्टला हात लावू नये’ ही पाटी ताईंनीच भिंतीवर लावली होती आणि ती मोडणाऱ्याही त्या एकट्याच होत्या. कोरडा होऊन आलेला शाफ्ट खरंच कोरडा आहे का, हे बघायला त्या उजवा मोजा काढत आणि खाचेजवळ अंगठा फिरवत. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. कोणी नुसतं बघितलं तरी त्या पहिल्या खिळ्याकडे मान उडवत. पुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

शेवटच्या खिळ्याला वहिनीची पट्टी. वहिनी म्हणजे ताईंच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेला आणि ताईंनी तिला इथे चिकटवून घेतली. तिच्या पट्टीवर मात्र तिसऱ्याच दिवशी अख्खा अंगठा उमटला. पॅकिंगमध्ये एक बडबड्या होता, त्याला सगळे रेडिओ म्हणत. तो म्हणाला, “या तर अंगठेबहाद्दर निघाल्या.” सगळे हसले, वहिनीही हसली. ताईंनी साहेबांकडे शब्द टाकला आणि वहिनीला दोन-दोन मोजे चढवायच्या अटीवर ठेवून घेतलं. दोन वर्षांत तिने ते टेबलावर एकदाही काढले नव्हते. उन्हाळ्यात मोज्यांतून घाम ओघळायचा, तरी नाही.

आणि एके दिवशी तिकडून फोटो आले. साहेबांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावून ते पसरले. चौदा शाफ्ट, आणि प्रत्येकावर एक तपकिरी अंगठा, फरफटलेला, रेघा न कळणारा. तेलाच्या खाली, म्हणजे तेलात बुडवण्याआधी कोणीतरी उघड्या हाताने शिवलेलं. डाग सगळीकडे एकाच जागी होता, खाचेपासून दोन बोटांवर.

ती जागा ताईंच्या ओळखीची होती, रोज अंगठा फिरवायची. पण माणूस मोठा चलाख असतो, विशेषतः स्वतःच्या बाबतीत. आपली पट्टी स्वच्छ आहे, त्यांनी मनाला सांगितलं. सव्वीस वर्षं स्वच्छ आहे.

“कोणाचे हात आहेत हे?” साहेबांनी विचारलं.

ताईंनी नाव घेतलं नाही. नुसती नजर वहिनीकडे गेली, पापणी लवेपर्यंतच. पण त्या खोलीत ताईंची नजर म्हणजे लेखी हुकूम होता. तिच्या मागोमाग सगळ्यांच्या नजरा गेल्या. वहिनीने स्वतःच्या हातांकडे बघितलं, मोज्यांतल्या. “असतील माझेच,” ती हळूच म्हणाली. “मोजा कुठे विरला असेल, मला कळलं नसेल.”

तिला मागच्या आवारात जुन्या खोक्यांचे खिळे उपसायला धाडलं. महिनाअखेरीला कामावरूनच कमी करायचं ठरलं.

त्याच संध्याकाळी ताईंनी घरी एक कोरी पट्टी आणली आणि तिच्यावर अंगठा दाबला. संशय फिटावा म्हणून, बाकी काही नाही. पट्टी कपाटात ठेवली. चौथ्या दिवशी बघितली तर तिच्यावर त्यांचा अंगठा उमटला होता, रेघन् रेघ. वयाने म्हणा, नव्याने सुरू झालेल्या गोळ्यांनी म्हणा, त्यांचा घाम कधी बदलला हे त्यांना कळलंच नव्हतं. बोटाला सगळं कळतं म्हणणाऱ्या बाईला.

मग त्यांनी काय केलं? सांगायला लाज वाटते, आणि त्यांनाही वाटत होती. त्यांनी पट्टी तेलात बुडवली, औषधी कागदात गुंडाळली, पिशवीत बंद केली आणि कपड्यांच्या तळाशी ठेवली. ओल शोषणारी पुडीसुद्धा टाकली. उद्या सांगू, म्हणाल्या. उद्या साहेब घाईत होते. परवा त्यांचंच डोकं दुखत होतं.

दोन दिवसांनी त्या वहिनीकडे डोकावल्या. वहिनीची लेक बाळंतपणानंतर अजून तिथेच होती, नातू सात महिन्यांचा. पोरगं जमिनीवर बसून आजीकडे हात पसरत होतं. वहिनी आत गेली, साबणाने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि जाड टॉवेलात धरून त्याला उचललं.

“आईचं काय चाललंय तुम्हीच विचारा,” लेक वैतागून म्हणाली. “ताटवाटीसुद्धा फडक्याने धरते.”

“असू दे गं,” वहिनी म्हणाली. “माझ्या हाताने लोखंड खराब होतं. एवढीशी कातडी याची.”

ताई चहा प्यायल्या. कप खाली ठेवला, येते म्हणाल्या आणि निघाल्या. रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मूग गिळून कामाला लागल्या.

महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा त्या पट्टी घेऊन साहेबांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. सगळं सांगितलं. साहेब बराच वेळ पट्टी उलटसुलट करत राहिले. “मला वाटलं नव्हतं, ताई,” एवढंच म्हणाले. ताईंनी लिहून दिलं, सही केली. वहिनीला परत टेबलावर घ्यायचं आणि ताईंनी उद्यापासून गोदामात खोकी मोजायची, असं ठरलं. एवढं सोपं होतं. दहा मिनिटं लागली.

जेवणाच्या सुट्टीत त्या मागच्या आवारात गेल्या. वहिनी एका फळीवर बसून वाकडे खिळे उपसत होती. गंजलेलेच खिळे, तरी हातांत दोन-दोन मोजे. ताईंनी पट्टी तिच्या मांडीवर ठेवली.

“हा माझा अंगठा आहे,” त्या म्हणाल्या. “ते चौदाही माझेच. साहेबांना सांगितलंय. तुला परत घेतायत.”

वहिनीने पट्टी उचलली, उन्हात धरली. वाटलं होतं ती रडेल, नाहीतर भांडेल. ताईंना दोन्ही चाललं असतं. तिने मोजे काढले, आधी वरचे, मग आतले, आणि फळीवर एकावर एक ठेवले. पांढरे फटक पडलेले हात उलटे करून बघितले.

“कधी कळलं तुम्हाला, वन्सं?”

काल, म्हणता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही होतं.

“अकरा दिवस झाले,” ताई म्हणाल्या.

वहिनीने उघड्या बोटांवर दिवस मोजले.

“त्याला पहिला दात आला,” ती म्हणाली. “दिसत नव्हता अजून. लेक म्हणाली, बोट घालून बघ आई, लागतोय. मी नाही घातलं.” तिने पट्टी ताईंच्या हातात परत दिली. “त्या गोष्टीला नऊ दिवस झाले. आता वर आलाय, सगळ्यांनाच दिसतो.”

तिने पक्कड उचलली आणि उघड्या हातांनी पुढचा खिळा धरला.