आधी ऊब, मग दूध

मी एक जुनी, गरम पाण्याची रबरी पिशवी आहे, आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की बहुतेक वेळा उसासे टाकतात. मला ते जमत नाही, कारण माझ्या तोंडाला कायम घट्ट बूच असतं. आत कोंडलेलं आज सगळं बाहेर काढणार आहे. ज्याला ऐकवणार नाही त्याने खुशाल कान बंद करावेत.

माझा जन्म कारखान्यात, एका तापलेल्या साच्यात झाला. लाल रबराचा जाड थर साच्यात दाबला गेला, दोन्ही अंगांवर बारीक रेघा उमटल्या आणि मानेत बुचासाठी आटे बसले. तिथल्या एका बाईने माझ्यात हवा भरली, मला पाण्यात बुडवलं आणि बुडबुडे येतात का ते पाहिलं. एकही आला नाही. तिने माझ्या पाठीवर ओली थाप मारली आणि मला खोक्यात घातलं. ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतलं एका बेकरीवाल्याने. खाली बेकरी आणि वर घर, मधे लाकडी जिना, आणि जिन्याच्या कठड्यावर कायम मैद्याचा पांढरा थर. मैद्याच्या गोण्या उचलून उचलून बेकरीवाल्याची कंबर धरायची. त्याची बायको लेकीला पाळण्यात सोडून गेली, म्हणून त्याची थोरली बहीण राहायला आली ती कायमचीच. लेक तिला आत्या म्हणायची, मग गल्ली तिला आत्या म्हणू लागली. लेकीचं घरातलं नाव छबू. बेकरीवाल्याची कंबर, आत्याचे गुडघे आणि छबूचा ठणकणारा कान, या तिन्हींची सेवा मी केली. "ही पिशवी म्हणजे घरातली डॉक्टर आहे," असं आत्या शेजारणीला सांगायची. मी फुगून जायची, पाण्याने आणि कौतुकानेही.

मग विजेवर चालणारी शेकणी आली. बटण दाबलं की गरम. मला कपाटात, रिकाम्या डब्यांच्या मागे ढकललं. ती दिमाखदार शेकणी दोन हिवाळ्यांत जळून गेली, पण मला परत कुणी बोलावलं नाही. छबू मोठी होऊन नोकरीला लागली तरी मी तिथेच. त्या कपाटाचं दार नीट लागायचं नाही. फटीतून मला स्वयंपाकघर दिसायचं. ती फट नसती तर बरं झालं असतं, कारण मग पुढचं मला बघावं लागलं नसतं.

या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर माझा राग तुम्हाला कळणार नाही. इथे जिना चढून कुणीही आलं की त्याला नाव विचारण्याआधी त्याच्या हातात बशी जायची. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस चहा-बिस्किटं खाऊन जायचा आणि मीटर बघायचं विसरायचा. एकदा वसुलीवाला भांडायला आला होता, तो तोंडात केक कोंबल्यामुळे भांडूच शकला नाही. आपल्या दारातून कुणी उपाशी जाता कामा नये, एवढा एकच धर्म आत्याला ठाऊक होता. आईविना छबूलाही तिने असंच वाढवलं, मांडीवर उताणी घेऊन, चमचा चमचा दूध घालून. चांगली रीत आहे, मी नाही म्हणत नाही. पण चांगल्या रीतीचाही डोळे मिटून वापर केला की जीव जातो, आणि इथे दोन गेले.

बेकरीत एक मांजर होती. गोण्यांवर झोपायची म्हणून तिचं नाव गोणी. गोदामात उंदीर नाहीत याचं श्रेय बेकरीवाला आपल्या टापटिपीला द्यायचा, पण ते सगळं त्या मांजरीचं होतं. एके सकाळी मैदा उतरवायला आलेला टेम्पो मागे घेताना ती चाकाखाली आली. हे मी फटीतून नाही पाहिलं, वर आलेल्या बोलण्यातून ऐकलं. टेम्पोवाला म्हणाला, "दिसलीच नाही हो." बघितलं असतं तर दिसली असती. बरीच वर्षं ज्या दारात ती बसायची, त्याच दारात गाडी मागे घेताना कुणाला खाली उतरून मागे पाहावंसं वाटलं नाही. बेकरीवाला हळहळला, तिला पुरलं आणि भट्टीकडे वळला. ती बाळंत झालेली आहे, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

दुपार उलटल्यावर गोण्यांच्या मागून बारीक आवाज येऊ लागला. छबूने मैद्याची एक गोणी बाजूला सरकवली तर मागे तीन पिल्लं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. आई गेल्यापासून ती गार फरशीवर पडून होती. छबू त्यांना पावाच्या ट्रेमध्ये घालून वर घेऊन आली.

"अगं बाई, उपाशी आहेत," आत्या म्हणाली आणि तिने फ्रिज उघडला.

मित्रांनो, त्या क्षणापासून मी ओरडत होते. पिशवीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? ट्रे कपाटाजवळच्या ओट्यावर होता. पिल्लांचे पाय सुटलेले होते, तोंड उघडं पडत होतं आणि आवाज मंदावत चालला होता. शेकण्यात हयात घालवलेल्या वस्तूला गारठलेलं अंग लांबूनही ओळखता येतं. ती भुकेने गप्प होत नव्हती, गारठ्याने होत होती. इतक्या लहान पिल्लाला स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवता येत नाही. ते काम त्याच्या आईच्या पोटाचं. आणि अंग गार असलं की पोटातलं दूध पचत नाही, तसंच पडून राहतं. मी तीन हातांवर होते. मला बाहेर काढून कोमट पाणी भरायचं आणि टॉवेलात गुंडाळायचं, एवढंच करायचं होतं.

आत्याने पहिलं पिल्लू मांडीवर उताणं घेतलं. छबूला घ्यायची तसंच. ड्रॉपरमध्ये गाईचं गार दूध भरून तिने त्याच्या तोंडात सोडलं.

"आत्या, असं उताणं धरतात का मांजरीच्या पिल्लाला?" छबूने विचारलं.

"आईविना पोर वाढवली आहे मी. ती तूच आहेस. मला नको शिकवूस," आत्या म्हणाली.

दूध पिल्लाच्या नाकातून बाहेर आलं. आत्याने पदराने पुसलं आणि आणखी पाजलं. मांजरीचं पिल्लू आईचं दूध पालथं पडून पितं. उताणं धरलं की दूध छातीत उतरतं. पिल्लू आत्याच्या मांडीवरच निपचित झालं. मग बेकरीवाल्याने दुसरं उचललं, तेही त्याच पद्धतीने. त्याचं पोट टम्म झालं आणि थोड्या वेळाने तेही गेलं.

"नशीब त्यांचं," आत्या डोळे पुसत म्हणाली.

मला रबराची शिवण फाटेल इतका राग आला. नशीब? तुमच्या कपाटात उपाय पडून होता. तुम्ही एकदाही त्या पिल्लांच्या पोटाखाली हात घालून पाहिलं नाहीत. पाजायला दूध सापडलं, ड्रॉपर सापडला, पण हाताचा तळवा कुणाला सापडला नाही.

आत्या तिसऱ्याकडे वळली तेव्हा छबूने ते झडप घालून उचललं. सगळ्यात लहान, राखी रंगाचं. तिने ते कुडत्याच्या आत, छातीशी धरलं, तशीच जिना उतरली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा तापलेला होता.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला पाजलं की ते मरतं. आपण दोघांना मारलं, बाबा."

"काहीतरीच बोलू नकोस," आत्या म्हणाली. "पोटात घातल्याने कुणी मरतं का?"

बेकरीवाला मात्र मेलेल्या दोन पिल्लांकडे बघत होता. जन्मभर मैदा मळणारा माणूस तो. गार पाण्यात यीस्ट टाकणाऱ्या कारागिराला त्याने एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं. ऊब नसेल तर मळलेलं पीठ दगडासारखं पडून राहतं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तेच त्याला जिवंत पिल्लाच्या बाबतीत सुचलं नव्हतं. त्याने कपाट उघडलं, डबे बाजूला सारले आणि मला बाहेर काढलं.

किती वर्षांनी माझ्या अंगात पाणी शिरलं. उकळतं नाही, हाताला सोसेल एवढंच गरम, छबूने बजावून सांगितलं होतं. माझ्याभोवती जाड टॉवेल गुंडाळला आणि मला एका खोक्यात, एकाच बाजूला ठेवलं, म्हणजे पिल्लाला फार गरम वाटलं तर सरकायला जागा राहील. भट्टीजवळ ठेवायची मात्र मनाई होती, तिथे ते भाजून निघालं असतं. राखी पिल्लू माझ्या अंगावर आलं. बर्फातून काढलेल्या लोण्यासारखं गार होतं. हळूहळू त्याच्या पोटात धुगधुगी आली आणि मग ते रडायला लागलं.

त्या घरात कधीच घडलं नव्हतं ते तेव्हा घडलं. समोर उपाशी तोंड, हातात दूध, आणि थांबायचं. आत्या ड्रॉपर घेऊन येऊन उभी राहिली.

"रडतंय रे ते."

"रडू दे, ताई. अजून पोट गार आहे."

"माझ्याने बघवत नाही."

"मग तिकडे तोंड करून बस. न फुगलेलं पीठ भट्टीत घातलं तर काय होतं?"

आत्या पाठ फिरवून बसली. तिचे खांदे हलत होते. मला तिची दया आली का? नाही आली, खरं सांगते. मला ती दोन पिल्लं आठवत होती. पोट उबदार झाल्यावर छबूने दवाखान्यातून आणलेलं, पिल्लांसाठी बनवलेलं दूध कोमट करून, त्याला पालथं धरून, थेंब थेंब पाजलं. नंतर ओल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसलं, कारण एवढ्या लहान पिल्लाला आईने चाटल्याशिवाय शी-शूसुद्धा होत नाही. माणसांना हे ठाऊक नसतं. नसू दे, पण मग विचारावं.

दुसऱ्या दिवशी खरी कसोटी लागली, आणि ती माझी होती. छबू नोकरीवर गेली. दूध संपत आलं म्हणून आत्या दवाखान्यात गेली. खाली बेकरीत सकाळची झुंबड. माझ्यातलं पाणी निवत चाललं होतं आणि पिल्लू माझ्यावर गाढ झोपलं होतं. मित्रांनो, एक गोष्ट नीट ऐका. गार झालेली पिशवी ऊब देत नाही, ऊब खाते. मला माझ्या टॉवेलातून जाणवत होतं की आता मी त्याला शेकत नाही, ते मला शेकतंय. त्याचा इवलासा जीव माझ्या थंड पाण्यात उतरत होता. ज्यांना मी खुनी म्हणत होते त्यांच्याच रांगेत मी उभी राहणार होते, आणि कूस बदलायचीही ताकद माझ्यात नव्हती. पिल्लाचे पाय सुटू लागले.

खालून आवाज येत होते. "अहो, पाव द्या ना." "किती वेळ उभं राहायचं?" कामावर निघालेले, पोटात काही नसलेले लोक. मला ठाऊक होतं की हा माणूस भुकेलं गिऱ्हाईक सोडून वर येणार नाही. आयुष्यात आला नव्हता.

मग जिना वाजला. बेकरीवाला वर आला, हात कोपरापर्यंत पांढरे. त्याने ते झटकले, पिल्लाच्या पोटाखाली तळवा घातला आणि त्याचा चेहरा उतरला. पिल्लू सदऱ्याच्या आत ठेवून त्याने माझं पाणी ओतलं, नवं भरलं, बूच आवळलं, मला उलटं करून पाहिलं. खाली कुणीतरी काउंटरवर मूठ आपटली.

"उपाशी आहेत माणसं, कळतं का," खालून ओरड आली.

"कळतं," तो जिन्याच्या तोंडाशी जाऊन म्हणाला. "थांबा."

आणि पिल्लू माझ्यावर पुन्हा हातपाय ताणेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. बरीच गिऱ्हाइकं निघून गेली. त्या दिवसापासून त्या माणसावरचा माझा राग थोडा कमी झाला. पूर्ण गेला असं म्हणणार नाही.

राखी पिल्लू जगलं. आता ते काउंटरवर बसतं आणि लोक त्याचे लाड करतात. मी मळायच्या टेबलाजवळच्या खिळ्याला टांगलेली असते, म्हणून मला सगळं ऐकू येतं. "केवढी माया तुमच्या घरात," असं लोक म्हणायचे, आणि आत्या मान डोलवून सांगायची की दोघांचं नशीब नव्हतं, याचं होतं. मी खिळ्यावर जळत राहायची. जगलेल्याची गोष्ट सगळे सांगतात. मेलेल्यांवर नशिबाचं पांघरूण घालून मोकळे होतात, आणि पुढचा माणूस तीच चूक करायला मोकळा राहतो.

परवा एक बाई धापा टाकत दुकानात आली. हातात चपलांचं खोकं, खोक्यात पिल्लं, डोळे मिटलेली. गटाराजवळ सापडली म्हणाली. "उपाशी आहेत हो. वाटीभर दूध द्या लवकर."

आत्या काउंटरवर होती. तिचा हात सवयीने दुधाच्या पातेल्याकडे गेला. बेकरीवाल्याने मळता मळता मान वर केली. आत्याचा हात पातेल्यावर थांबला. मग तिने तो मागे घेतला, खोक्यात घातला आणि एकेका पिल्लाच्या पोटाखाली तळवा धरला.

"नाही देणार," ती म्हणाली.

"अहो, एवढंसं दूध मागते आहे. मरतील ती."

"माझ्याकडे दोन मेली. पहिलं माझ्या मांडीवर, माझ्या हाताने. गार होतं आणि मी पाजलं," आत्या म्हणाली. तिने खिळ्यावरून मला काढलं. "बस इथे. आधी पाणी गरम करते."