मळीचं चाक

दिग्विजयनं टेबलावर खोकं उपडं केलं. त्यातून जे बाहेर पडलं त्याकडे संयोगितानं कोऱ्या उत्तरपत्रिकेकडे बघावं तसं बघितलं.

गुलाबी तारेचं चाक. पारदर्शक प्लॅस्टिकचा चेंडू, ज्यात उंदीर कोंबून तो फरशीवर लोटायचा. चमकीच्या दोऱ्यांचा झोपाळा. आणि एक लाकडी शिडी, जिचा हिरवा रंग तिच्या नखाला लागून आला.

"वैनी, सगळं इंपोर्टेड हाय," दिग्विजय म्हणाला. "आख्ख्या सांगलीत कुणाकडं न्हाई."

"नसेलच. सांगलीत थोडी लाज शिल्लक असेल."

तो हसला. तिचं बोलणं चेष्टाच आहे, असं धरून चालायची त्याची जुनी सवय. दिग्विजय तिचा धाकटा दीर. आधी त्यानं कोंबड्या पाळल्या, त्या मेल्या. मग मोटारसायकली सजवायचं दुकान काढलं, ते बंद पडलं. दोन्ही अनुभव एकत्र करून आता त्यानं सांगलीत पाळीव प्राण्यांचं दुकान काढायचं ठरवलं होतं. मुहूर्त बेंदराचा, बैलांच्या सणाचा.

संयोगिता आष्ट्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिनं दोन उंदरिणी पाळल्या होत्या. सापांना खायला घालायला म्हणून एका दुकानात विकायला ठेवलेल्या, तिथून उचलून आणलेल्या. पांढरी ती साखर आणि काळ्या डोक्याची ती मळी. उसाच्या पिकात उंदीर मारायला औषध घालणाऱ्या घरात ही दोन नावं ऐकून पाहुणे आधी हसायचे, मग पाय वर घेऊन बसायचे.

"ह्या चाकाचं बघ," तिनं तारांमध्ये बोट घातलं. बोट आरपार गेलं. "पळता पळता पाय यातून खाली गेला, तर?"

"काढंल की ती."

"तू चालत्या मोटारसायकलच्या चाकात पाय घाल आणि काढून दाखव."

"आवं वैनी, उंदीरच हाय!"

"म्हणूनच. माणूस असता तर शिव्या तरी दिल्या असत्या."

तिच्या पिंजऱ्यातलं चाक मोठं होतं, सलग पत्र्यासारख्या पृष्ठभागाचं. पळताना पाठ वाकत नसे. बाकी होते अंड्यांचे कागदी ट्रे, त्यांच्या खळग्यांत चुरगाळलेल्या कागदाखाली लपवलेली बाजरी, पुठ्ठ्याची खोकी आणि कडा घासून गुळगुळीत केलेला पाइपचा रुंद तुकडा.

"ह्यो तर कचरा हाय," दिग्विजय म्हणाला. "व्हिडिओत कसा दिसंल?"

"त्यांना व्हिडिओत दिसायचं नसतं. कुरतडायचं, शोधायचं आणि लपायचं असतं. दात आयुष्यभर वाढतात त्यांचे. तो हिरवा रंग पोटात गेला तर त्यांना उलटीसुद्धा होत नाही."

"मंग बरंच की! घाण व्हायची न्हाई."

यावर उत्तर देणं म्हणजे आपलंच ज्ञान वाया घालवणं, हे तिला कळलं.

पण बेंदराचा बेत तेवढ्यावर थांबला नाही. घरातली बैलजोडी ट्रॅक्टर आल्यावर विकली होती. तेव्हापासून देव्हाऱ्यापुढे मातीच्या बैलांची पूजा व्हायची आणि सासूबाई, मुक्ताबाई, दरवर्षी तोंड पाडून बसायच्या. या वर्षी दिग्विजयनं त्यांच्या डोक्यात भरवलं, की घरात खरी जनावरं आहेत. मुक्ताबाईंनी पेटीतली जुनी लाल मखमल काढली आणि हाताच्या पंजाएवढ्या दोन झुली शिवल्या. काठाला जर, कोपऱ्यांना गोंडे.

"बेंदराला घरचं जनावर उघडं ठिवत न्हाईत, गं," त्या म्हणाल्या.

"आई, ते बैल नाहीत."

"मला दिसतंय की. म्हातारी झालीया, आंधळी न्हाई."

सैन्यात असलेल्या नवऱ्याचा फोन आला. त्यानंही आवाज मऊ करून सांगितलं, की थोड्या वेळाचा प्रश्न आहे, घरात वाद नको. सीमेवर उभा राहणारा हा माणूस आईपुढे आणि भावापुढे कधीही उभा राहिला नव्हता. संयोगितानं मान्य केलं, एका अटीवर. झूल घातली तरी उंदीर तिच्याच हातात राहतील आणि ते चाक खोक्याबाहेर येणार नाही.

"देवाशपथ," दिग्विजय म्हणाला.

बेंदराच्या दिवशी तो गळ्यात सोनेरी साखळी घालून मोबाइलसमोर उभा राहिला. व्हिडिओ थेट चालू होता. मळीच्या अंगावर झूल होती आणि ती संयोगिताच्या मनगटावर थरथरत होती. दिग्विजयनं पुरणपोळीचा तुकडा तिच्या तोंडापुढे धरला.

"गोड नको. भाकरी आणते," संयोगिता म्हणाली. मळीला पिंजऱ्यात ठेवून ती आत गेली.

भाकरी मोडेपर्यंत बाहेर हशा उसळला. मुक्ताबाईही हसत होत्या. ती बाहेर आली.

गुलाबी चाक टेबलावर होतं. आत मळी होती. चाक थोडं पुढं जायचं, मागं यायचं, पुन्हा पुढं. झुलीची जर सुटून तिच्या मागच्या पायाला आणि तारेला गुंडाळली गेली होती. प्रत्येक उडीबरोबर दोरा आवळत होता.

"बघा मंडळी, नाचतीया कशी!" दिग्विजय मोबाइलला सांगत होता.

संयोगितानं एका हातानं चाक धरलं, दुसऱ्यानं शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली.

"वैनी, मदी येऊ नका! लाइव्ह हाय!"

"ती अजून जिवंत आहे, हे माझ्याही लक्षात आलंय."

जर कातडीत रुतली होती. तिनं कात्रीचं टोक आडवं सरकवून एकेक वेढा तोडला. मळीनं तिच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. तिनं हात हलवला नाही. दोरा सुटला तेव्हा मळीच्या पायाचं एक बोट काळंनिळं झालं होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर आधी म्हैस आहे का विचारलं, मग हसले, मग सांगितलं, की जखम स्वच्छ ठेवा. ते तिला आधीच माहीत होतं.

संध्याकाळी दिग्विजय मोबाइल नाचवत आला. "वैनी, लय चालला व्हिडिओ! चाकाची मागणी यायला लागलीया. लोकं म्हणत्यात, असला नाच बघितला न्हवता."

"लोक बरोबरच बोलतात. तुझ्यासारखे पुष्कळ आहेत, एवढंच त्यातून कळतं."

"आन हिकडं," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. एकदा बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. हसण्यात त्यांचाही आवाज होता. तो आला तसे त्यांनी ओठ मिटले.

"नाचती कुठं ही," त्या म्हणाल्या. "आपला सर्जा बैल चिखलात जुवाखाली पडला, तवा असाच पाय झाडत हुता. तू तवाबी लांब उभा राहून ओरडत हुतास."

दिग्विजय काहीतरी पुटपुटत निघून गेला. जाताना चाक न्यायला विसरला.

मळीचं ते बोट वाळलं आणि गळून पडलं. ती लंगडत का होईना, पाइपात शिरू लागली. एका सकाळी पिंजऱ्यापाशी मुक्ताबाई उभ्या दिसल्या. हातात दाणे काढलेलं मक्याचं कणीस.

"हे चालंल का तिला? न्हाई, आधी इचारतीया."

संयोगितानं कणीस नाकाला लावलं. "औषध मारलंय?"

"घरामागच्या परड्यातलं हाय. तिथं कोण मारतंय."

"चालेल."

मुक्ताबाईंनी ते स्वतः आत ठेवलं आणि हात पटकन मागं घेतला. मळीनं ते ओढत पाइपात नेलं. कुरतडायचा आवाज सुरू झाला.

"आणि ते चाक कुठं गेलं, आई? दिग्विजय मागत होता."

"कारल्याच्या वेलाला चढायला दिलंय. त्येला पाय न्हाईत."