जुनी ठेवायची की नवी

बायको गेली तरी घर तिचंच ऐकत होतं. ती ऑफिसात सर्व्हर सांभाळायची. ऑफिसने टाकून दिलेला एक सर्व्हर तिने घरी आणला, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी ठेवला आणि दिवे, पंखे, बेल, गीझर सगळं त्याच्या हवाली केलं. नवरा बसड्रायव्हर. तो दुपारी आडवा झाला की बेल मुकी व्हायची. पेपर घेऊन संडासात रमला की दिवा जायचा. आणि त्याची थोरली बहीण राहायला आली, की तिच्या अंगाला साबण लागेपर्यंत थांबून गीझर बंद पडायचा.

ताईला हे पक्कं ठाऊक होतं. ती गार पाण्याने अंघोळ उरकायची आणि जाताना भावजयीच्या साखरेचा डबा रिकामा करून जायची. मग भावजय डबा लपवायची. दोघींचं असं वर्षानुवर्षं मजेत चाललं होतं.

आता ताई भावाला सांभाळायला कायमची आली, आणि सर्व्हर म्हातारपणाने चळला. भर दुपारी दिवे लावायचा, बेल दाबली की पंखा फिरवायचा. शेवटी बायकोच्या ऑफिसातला चष्मिस आला.

"दादा, सिस्टीम फारच जुनी झालीय. अपग्रेड करावं लागेल," म्हणत त्याने पॅकेज मॅनेजरला हुकूम सोडला. तो प्रोग्रॅम जुने भाग काढून नवे बसवू लागला आणि घराला जणू भुताने झपाटलं. गीझरचा भाग बदलताना बेल वाजली, बेलचा बदलताना मिक्सर किंचाळला. शेजारीण धावत आली.

"पाहुणे आलेत का हो?"

"नाही, अपग्रेड आलंय," ताई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तेवढ्यात सगळं थांबलं. पडद्यावर प्रश्न आला.

"वहिनींनी हाताने लिहिलेली फाइल सापडलीय त्याला," चष्मिस म्हणाला. "विचारतोय, ही जुनीच ठेवायची की नवी घालायची?"

"नवी घातली तर?" नवऱ्याने विचारलं.

"घर शहाण्यासारखं वागेल. जुनीची प्रत देतो काढून. पण घर वहिनींचं ऐकणार नाही."

"आणि जुनी ठेवली तर?"

"चाललं तर चाललं. नाहीतर अंधार."

नवऱ्याने बहिणीकडे पाहिलं. गार पाण्याने तिचे गुडघे धरत होते. रोज तिला छळायचं, ते का, तर आपल्याला बायको अजून घरात हवी म्हणून?

"नवी घाल," तो म्हणाला. आणि त्याने स्वतःच बटणाकडे बोट नेलं.

ताईने फाडकन हातावर चापट मारली. "हात काढ! मग मी भांडू कुणाशी? तुझ्याशी? तू तर गरीब गाय! जुनीचं बटण कुठलं रे, चष्मिस?"

आणि तिने दाबलं.

घर काळोखात बुडालं. मग पंखा कुरकुरला, दिवा लागला.

ताईने तडक टॉवेल घेतला. थोड्या वेळाने बाथरूममधून आवाज आला, "अगं भवाने! मेलीस तरी सुधारली नाहीस!" मग ती हसत होती की रडत होती, पाण्याच्या आवाजात कळेना.

त्याने डोळे पुसले. साखरेचा डबा उचलला आणि पिठाच्या डब्यामागे, बायको लपवायची तिथेच, लपवून ठेवला.