भासऱ्यापुढचं भांडण

मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचं आमच्या एकोडीत हरसाल ठरलेलं असते. पडदे बाहेरून आणायचे, नटी बाहेरून आणायची आणि गावच्या पोरांनी नुसत्या मिशा लावून हिंडायचं. यंदा मंडळानं ठरवलं, रातभराचं रडकं नाटक नको. तीन लहान लहान हसायचे खेळ करू, संध्याकाळीच आटोपू, आणि माणसं गावातलीच घेऊ.

निवड समाजमंदिरात होती. मंडळाचा अध्यक्ष माझा मोठा पोरगा, लक्ष्मण. पेटीवर दादाजी. मले कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून मी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या खुर्चीवर बसली. शाळा मी चवथीतच सोडली, पण नाटकं एवढी पाहिली की बोल विसरून खोकणारा नट मले मागच्या रांगेतूनही ओळखू येते.

पहिले गोलू चहावाला आला, दारुड्याच्या पार्टासाठी. असा झोक दिला की स्टेजवरून खाली पडला. उठून हात जोडते अन् विचारते, "कसं वाटलं, काकू?"

"बापू, दारुडा पडते तवा लोकं पाहून राहिले का नाही, हे तो पाहत नाही. तू पडता पडता माह्याकडे काहून पाहत होता? पुन्हा पड."

दुसऱ्यांदा बरा पडला. घेतला.

बेबीबाईले मेलेल्या सासूचा पार्ट पाहिजे होता. स्टेजवर निजली, तोंडावर चादर ओढली, आणि चादरीखालूनच हुकूम सोडते, "माह्या पायाशी उदबत्ती लावा न वं!" एवढं बोलणारं मढं कोणाले परवडते? पण लोकं पोट धरून हसले. तिलेही घेतलं.

राहिला तिसरा खेळ, बायकोच्या धाकातल्या नवऱ्याचा. नवरा लक्ष्मणच होणार, हे कोणाले विचारायचं कामच नव्हतं. हिरो हरसाल तोच. त्याले झाडणारी बायको तेवढी पाहिजे होती. तवा माझी लहानी सून रुपा उभी राहिली, सचिनची बायको.

ही पोरगी कितीक दिवसापासून गोठ्यात पुटपुटत होती. मी आडून ऐकलं होतं. म्हशीले नवरा समजून असं झाडत होती की म्हैस रवंथ विसरली. आदल्या दिवशी माझ्या पायाले तेल लावता लावता म्हणाली, "मामीजी, एक डाव मले उभी राहू द्या. दिघोरीले शाळेत असताना मी नाटकात होती. इथं आल्यापासून माझा आवाज मलेच ऐकू येत नाही. नाही घेतलं त पुन्हा नाव नाही काढणार."

"उभी राह्य," म्हटलं. "पण लाजलीस त घरी येऊ नको."

तर रुपा स्टेजवर गेली. समोर लक्ष्मण मान खाली घालून नवरा झाला. तिले म्हणायचं होतं, "कुठं उलथला होता रे मेल्या? वर पाह्य!" तिनं तोंड उघडलं. हवा निघाली, आवाज नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. हात मात्र आपोआप डोईवर गेला आणि पदर कपाळापर्यंत ओढून आला.

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. लक्ष्मण तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ! आमच्या घरी सून भासऱ्याशी एक शब्द बोलत नाही, त्याच्यापुढे तोंड वर करत नाही. भाजी पाहिजे का हे विचारायचं असलं त मध्ये तिसरं माणूस लागते. आणि आम्ही सारे शहाणे त्याच भासऱ्याले तिच्या हातून शिव्या खायले उभं करून बसलो होतो. आजवर नटी बाहेरची, म्हणून कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही.

लक्ष्मणही घामाघूम. छताकडे पाहत म्हणाला, "जाऊ दे माय. नटी बाहेरूनच बोलावू."

रुपा पायरीकडे निघाली. चेहरा पदरात होता, पण खांदे दिसत होते मले.

"थांब वं!" मी खुर्चीवरून ओरडली. "लक्ष्मण, तू खाली उतर. स्टेजपुढच्या प्रॉम्प्टरच्या खड्ड्यात बस आणि तिथून बोल सांग."

"मी? हिरो खड्ड्यात?"

"हिरो त हिरो. खड्डा तुह्या मापाचा आहे. सचिन, तू वर चढ."

सचिन बायकोले गाडीवर न्यायले म्हणून दाराशी उभा होता. म्हणते, "मले अ‍ॅक्टिंग नाही येत, माय!"

"कोण मागून राहिलं तुले अ‍ॅक्टिंग? घरी जसा उभा राह्यतोस तसा उभा राह्य."

लक्ष्मण तोंड वाकडं करून खड्ड्यात उतरला. भासरा दिसेनासा झाला तसा रुपानं पदर मागं सारला, कमरेले खोचला, आणि जे सुरू झाली! "कुठं उलथला होता रे मेल्या" पासून निघाली ते सचिननं दिवाळीले तिच्या माहेरी जायचं टाळलं तिथपर्यंत पोचली. ते कागदात नव्हतंच. सचिन बिचारा खरोखरचा कानकोंडा झाला, एकदा "अवं, पण" म्हणाला तेवढंच. त्याच्यासारखा नवरा कोणत्याही कंपनीत सापडणार नाही. दादाजीची पेटी थांबली, गोलू पुन्हा खाली पडला, आणि आता तो कोणाकडेच पाहत नव्हता.

फक्त खड्ड्यातून बोल येणं बंद झालं होतं. पोरगा रुसला का?

लक्ष्मण वर आला तो डोळे पुसत. हसू हसू खड्ड्यात वाकडा झाला होता. रुपाचा पदर लगेच कपाळावर. दोघांत हातभर अंतर, पण तो तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून बोलला, "माय, तिले सांग, पार्ट तिचा. हिरो सचिन. पण लोकं हासतेत तवा जरा दम घ्यावा, नाहीतर पुढचा बोल बुडते."

रुपा पदराआडून म्हणाली, "मामीजी, त्याईले सांगा, हव. आणि बोल जरा मोठ्यानं सांगा म्हणा. खड्ड्यातून ऐकूच येत नव्हते."

"मी काय तुमचा टेलिफोन आहो?" म्हटलं.

पण आता रोज तालमीले मध्ये माझीच खुर्ची असते. ह्याचा निरोप तिले, तिचा निरोप ह्याले. निरोप सांगता सांगता खेळात दोन-चार बोल माझ्या मनचेही गेले आहेत. लोकं ज्या ठिकाणी जास्त हसतील, ते माझे समजा.