चिमणीच्या मापाची सीट

चिमणी दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्मली होती. काचेच्या पेटीतला मुक्काम संपवून आज ती घरी यायची होती. तिच्या सुतार बापाने बाळाला गाडीत बसवायची सीट सकाळीच वॉर्डात आणली. ती त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, दिली होती. "शाळेत जाईपर्यंत बघायला नको," म्हणत तिने दुकानातली सगळ्यात मोठी सीट उचलली होती.

"सोडायच्या आधी बाळाला सीटमध्ये बसवून बघतो आम्ही," सिस्टर म्हणाली. "श्वास नीट चालतो का ते कळतं."

चिमणी त्या सीटमध्ये हरवूनच गेली. खांद्याचे पट्टे तिच्या कानांजवळून निघत होते. थोड्याच वेळात मान पुढे कलली, हनुवटी छातीला टेकली आणि तिचा श्वास मोजणारं मशीन किंचाळायला लागलं. सिस्टरने तिला पटकन उचलून सरळ धरलं. मशीनवरचे आकडे जागेवर आले.

"पाठीमागे दुपट्याची घडी घालू का?" डुगडुगणारं टेबल पाचर मारून बसवणारा माणूस तो, त्याला दुसरं काय सुचणार?

"नाही हो दादा. सीटसोबत आलेलं नाही असं काहीही घालायचं नाही. धक्का बसला की ते दबतं, पट्टा सैल पडतो. पट्टे खांद्याच्या पातळीला नाहीतर जरा खालून यायला हवेत. अगदी लहान बाळांची, मागे तोंड करून लावायची सीट आणा."

"पण ताईंना सांगणार कोण?" बायको म्हणाली.

"मीच," तो म्हणाला. ताईचा राग म्हणजे महिनाभराचा अबोला. त्याने फोन लावला. "ताई, ती सीट हिला मोठी होतेय. श्वास अडकला होता तिचा."

पलीकडून ताईने विचारलं, "आता कशी आहे?"

"बरी आहे."

"मग रडवेला का होतोस? सिस्टरना फोन दे, नेमकं काय हवंय ते विचारते."

दुपारी ताई घामाघूम होऊन हजर. "दुकानदाराचं डोकं खाऊन आले. ती मोठी राहू दे, वाढेलच की आपली बया!"

नव्या सीटमध्ये पट्टे बरोबर खांद्यांशी आले. सगळे श्वास रोखून मशीनकडे बघत राहिले. चिमणीने जांभई दिली आणि खुशाल झोपली. मशीन गप्पच राहिलं.

"न्या घरी," सिस्टर हसली.

सुताराने सीट गाडीत मागे घट्ट बसवली, कपाट हलवून बघावं तशी हलवून पाहिली. जागची हलली नाही. मग तो इतका सावकाश निघाला की मागचे हॉर्न वाजवून थकले.

"अरे, गाडी आहे ही, हातगाडी नव्हे!" चिमणीशेजारून ताई ओरडली.

तो हसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. शेजारी बायको केव्हाच झोपी गेली होती, चक्क घोरत होती.