सहा मिलिमीटरचा हुक

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात. आबांच्या घरी हेलिकॉप्टर झालं आणि हुक राहिला.

हेलिकॉप्टर जेवणाच्या टेबलावर उभं होतं. खऱ्याच्या बत्तीसपट लहान, पिवळंधमक, पोटावर लाल पट्टा. दुकानातून आणलेल्या खोक्यात सुटे भाग निघाले ते बड्या साहेबांना हिंडवणाऱ्या हेलिकॉप्टरचे. आबांनी एकोणीस वर्षं ज्याच्या नटबोल्टांची काळजी वाहिली, ते बचावाचं होतं. पुरात, समुद्रात सापडलेल्या माणसांना दोरानं वर ओढून घेणारं. म्हणजे दारावर दोर गुंडाळणारं यंत्र हवं, दाराखाली पायरी हवी, दोराच्या टोकाला हुक हवा. खोक्यात यातलं एकही नव्हतं. मग आबांनी हा सगळा संसार घरातच उभा केला. यंत्र जुन्या पेनाच्या टोपणातून काढलं, पायरी डब्याच्या झाकणातून, दाराची मूठ टाचणीच्या डोक्यातून. त्यात चार महिने गेले. घरातली माणसं चार महिने टेबल सोडून मांडीवर ताट घेऊन जेवत होते.

आता फक्त हुक. लांबी सहा मिलिमीटर. तांब्याची तार सुईभोवती वळवायची, टोक कापायचं आणि हुकाच्या तोंडाशी आतून मिटणारी एक जीभ बसवायची. अडकवलेल्या माणसाचा पट्टा निसटू नये म्हणून खऱ्या हुकाला अशी जीभ असते. नोकरीत असताना आबांनी असे हुक पोत्यानं तपासले असतील. पण तेव्हा हात जागेवर राहायचा. आता चिमटा धरला की उजवा हात आपल्याच तालात थरथरायचा आणि जीभ हुकाला लागायच्या आत कुठेतरी उडून जायची.

आज सकाळपासून तीन गेल्या. एक शर्टाच्या खिशात सापडली, दोन सापडल्याच नाहीत. म्हणून तर या खोलीत केरसुणीला बंदी होती. आबांच्या हुकमाशिवाय इथे झाडायचं नाही, आणि आले-गेले सगळे तळव्यांनी जमीन चाचपत चालायचे.

"आबा, हुकाशिवाय दाखवा ना," कामावर निघालेला मुलगा बुटाची नाडी बांधत म्हणाला. "कॅप्टनना कुठे एवढं दिसणार आहे? छान झालंय की."

आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने हेच ऐकत होते. शेजारी आले, छान म्हणाले. व्याही आले, फारच छान म्हणाले. लहान पोरानं रेघोट्या ओढल्या की म्हणतात तसं छान. पायरीचा कोन बघायला कुणी वाकलं नाही.

"हुकाशिवाय ते साहेबांचं हेलिकॉप्टर," आबा म्हणाले. "तू जा. तुला उशीर होतोय."

कॅप्टन रविवारी येणार होते, आणि आज शुक्रवार. आबांचं ते मशीन बारा वर्षं त्यांनीच उडवलं होतं. आता लेकीकडे कायमचे राहायला चालले होते, इतक्या लांब की पुन्हा भेट व्हायची नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. फोनवर एवढंच म्हणाले, "जाण्याआधी आपलं मशीन एकदा बघू द्या, मिस्त्री." निवृत्तीनंतर आबांना मिस्त्री म्हणणारा तो एकच माणूस उरला होता. त्याच्यापुढे अर्धवट काम ठेवायचं, तर मग मिस्त्री कशाला म्हणायचं? हात गेले की नुसता म्हातारा उरतो, आणि म्हातारे गल्लीत पुष्कळ होते.

दुपारी चौथी जीभ डिंकासकट बोटाला चिकटली. ती सोडवताना हुकच वाकडा झाला. आबांनी चिमटा टेबलावर आदळला, पायात चपला सरकवल्या आणि कुणाला काही न सांगता बाहेर पडले. चौकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. स्वतःच्या हाताला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या देऊन झाल्या, तरी राग संपेना.

तासाभरानं घरात आले तर दोराच्या टोकाला हुक लटकत होता.

आबा दारातच थांबले. मग जवळ गेले. भिंग लावलं. सुरेख वळण, जीभ जागच्या जागी. त्यांच्या हातून चार महिन्यांत इतकं सफाईदार काही झालं नव्हतं.

"हे कुणी लावलं?"

सून आतून आली. कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कारागीर होती, दुपारी साडेतीनला घरी यायची. बाहीवर अजून प्लॅस्टरची पांढरी भुकटी होती.

"मी. दाताला अडकवायची तार होती पर्समध्ये. दहा मिनिटांचं काम, आबा. म्हटलं तुम्ही यायच्या आत—"

"न सांगता?"

"तुम्ही चिडला असता."

"आता काय हसतोय?"

आबांनी खण उघडला आणि त्यातून जाड पुठ्ठ्याची कार्डं काढून तिच्यापुढे टाकली. दर कार्डावर एका भागाचं नाव, तारीख आणि खाली दोन रकाने: केलं, तपासलं. अशी तेवीस कार्डं होती. पहिल्या रकान्यात आबांची सही, तीही एकेका महिन्यानं जास्त वाकडी होत गेलेली. दुसरा रकाना सगळीकडे कोरा.

"आमच्याकडे ज्यानं केलं त्यानं सही करायची. दुसऱ्यानं तपासून सही करायची. दोन्ही एकाच माणसानं केल्या तर नोकरी जायची. आणि सहीशिवाय कुणी साधा वॉशर लावला, तर मशीन जमिनीवरच राहायचं. एकदा एका पठ्ठ्यानं असाच परस्पर बोल्ट बदलला होता. मशीन जाऊन सुखरूप आलं. पण ते हवेत होतं तेवढ्या वेळात कॅप्टन कशाच्या भरवशावर उडत होते, सांग मला."

"हे टेबलावरचं आहे, आबा," सून म्हणाली, पण हळूच.

"म्हणून काय झालं?"

मग तिनं पेन उचललं, खणातल्या एका कोऱ्या कार्डावर 'हुक' असं लिहिलं आणि पहिल्या रकान्यात सही केली. कार्ड आबांकडे सरकवलं.

"घ्या. तपासा."

आबांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली, दिवा खाली घेतला आणि कोपर टेबलाला टेकवून भिंग धरलं. भिंगाआड हात थरथरतच होता, पण डोळा हुकावरून हलला नाही. बराच वेळ गेला.

"टोक गोल केलंस. वर चकचकीत पॉलिश. तोंडात घालायचाय का कुणाच्या?"

"सवय आहे हो. टोक राहिलं तर हिरडीला टोचतं."

"आणि जिभेत फट आहे."

"कुठे?"

"इथे. अर्धा मिलिमीटर. बत्तीसनं गुण. खऱ्या हुकावर सोळा मिलिमीटर झाली. त्यातून पट्टा निसटला की माणूस पाण्यात." आबांनी भिंग खाली ठेवलं. "नापास."

सुनेनं स्वतः भिंग लावून बघितलं. फट होती. दिवसभर लोकांचे दात मोजून आलेल्या बाईला ती दिसली नव्हती, आणि याच गोष्टीचा तिला जास्त राग आला. "उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय," असं काहीतरी ती पुटपुटली. आबांनी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

दुसरा हुक तिनं त्यांच्या देखत केला. त्याची जीभ उडाली. सासरा आणि सून टॉर्च घेऊन टेबलाखाली ओणवे झाले, एकमेकांच्या डोक्यावर डोकी आपटली, जीभ काही मिळाली नाही. तिसऱ्याचं तोंड जास्त उघडं राहिलं. तो नापास. चौथा आबांनी दोन्ही बाजूंनी बघितला, उलटा करून बघितला, सुईच्या टोकानं जीभ दाबून बघितली. सुनेनं तोवर चहा करून आणला, आणि तो निवला तरी त्यांचं बघणं चालूच होतं. शेवटी त्यांनी पेन घेतलं. दुसऱ्या रकान्यातली सही सापाच्या चालीनं गेली, पण रकान्याबाहेर गेली नाही.

"झालं एकदाचं," सून म्हणाली आणि बोटं चोळायला लागली.

"झालं कुठे?" आबांनी तेवीस कार्डांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला आणि त्यावर भिंग ठेवलं. "यांना तपासणारं कुणी नव्हतं."

तिला स्वयंपाक करायचा होता. घड्याळाकडे बघून ती बसली. एकेक कार्ड वाचायची, तो भाग शोधायची, स्टीलची पट्टी लावायची, मग सही. दहा कार्डं झाली. आबा बाजूला उभे होते, खिडकीबाहेर बघत, जणू त्यांचा याच्याशी संबंध नाही. अकराव्या कार्डावर ती थांबली. वाकली. हेलिकॉप्टर फिरवून दुसरीकडून बघितलं.

"आबा, पायरी मागच्या बाजूला खाली गेलीय."

"शक्य नाही."

"अर्धा मिलिमीटर. बत्तीसनं गुणा." तिनं कार्ड सहीशिवाय परत ठेवलं. "कॅप्टनचा पाय घसरेल. नापास."

आबांचं डोकं फिरलं. त्या पायरीवर त्यांनी नऊ दिवस घातले होते. त्यांनी तिच्या हातातून भिंग जवळजवळ हिसकावलं आणि पायरीला डोळा लावला. पट्टी लावली. पुन्हा लावली. चार महिन्यांत घरात कुणी त्या पायरीखाली वाकलं नव्हतं.

दारात मुलगा आला होता. टेबलाकडे बघून त्यानं तोंड उघडलं. "अरे वा, हुक पण झाला. छान—"

"तू गप्प बस," आबा म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी सुनेपुढे हात केला. "चिमटा दे."